शेरा: प्रवासाला

ओनिमिसीने माझ्या डोक्याची डावी बाजू संपवून मशीन उजवीकडे वळवलं होतं, तेवढ्यात रेडिओवरची बाई म्हणाली की पत्र्यांचे नामवंत व्यापारी टायवो मेडुपिन यांनी दिवा पक्षाची साथ सोडून कुदळ हाती घेतली आहे. मशीन माझ्या कानामागे थांबलं. बाई पुढची नावं वाचत गेली, कुणी निवृत्त पोलीस, कुणी चर्चचा वडीलधारा, आणि मी आरशात स्वतःकडे बघत राहिलो, अर्ध्या डोक्याचा बासष्ट वर्षांचा माणूस. टायवो माझा जुळा भाऊ. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. 'जाऊन' इथपर्यंत मला म्हणता येतं. त्यापुढचा शब्द आमच्यात जुळ्यांच्या बाबतीत कुणी उच्चारत नाही. जुळ्यांपैकी एक गेला तर तो प्रवासाला गेला असं म्हणायचं, नाहीतर मागे राहिलेल्यालाही तो बोलावून घेतो. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वारे कुठून येतात आणि नद्या कुठे जातात हे मला ठाऊक आहे, आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तो शब्द मी आजवर उच्चारलेला नाही.

"टीचर," ओनिमिसी म्हणाला, "तुमचे भाऊ हुशार निघाले. आम्ही जिवंत माणसं अजून विचारच करतोय." मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. "माफ करा हो. तोंडातून निसटलं."

"दुसरा कुणी असेल त्या नावाचा."

"पत्र्याचा व्यापारी? लोकोजात? आपल्या वॉर्डात?" त्याने मशीन बंद केलं. मी उठलो तसा तो अंगावर आलाच, "अहो बसा, अर्धं डोकं राहिलंय! लोक म्हणतील ओनिमिसीने असं सोडलं." मी टोपी कानापर्यंत ओढली आणि बाहेर पडलो. बाहेर हरमाटन. डिसेंबर लागला की वाळवंटाकडून ही धूळ येते आणि महिनादोन महिने मुक्काम करते. समोरचा डोंगर गेलेला, नदी गेलेली, रस्त्यावरून येणारी माणसं आधी नुसत्या सावल्या म्हणून यायची आणि अगदी जवळ आली की नाक-डोळे घेऊन उभी राहायची. अशा हवेत कुणीही कुणीही असू शकतो. चालता चालता मला वाटलं, त्या बाईला कदाचित खरंच काहीतरी कळलं असेल आणि आम्हालाच उशीर झाला असेल.

वेडेपणा होता, पण दोन मिनिटं तो मला फार आवडला. मग आठवलं की ती यादी माझीच. वॉर्डातल्या पक्षसभासदांची वही एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. नाव, वय, धंदा, सही आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. कुणी वारलं की मी शेऱ्यात लाल शाईने क्रूस काढतो आणि तारीख घालतो. असे त्रेचाळीस क्रूस आहेत वहीत. टायवोच्या नावापुढे क्रूस नाही. तिथे माझ्याच अक्षरात एक शब्द आहे: प्रवासाला. मागच्या आठवड्यात, दिवा सोडून कुदळीकडे निघालेल्या सेनेटर ओबासाजूंचा माणूस वहीची नक्कल न्यायला आला, तेव्हा पानं काढून देताना माझा अंगठा त्या ओळीवर होता. मी तो उचलला आणि पान दिलं. "तुमचं नावही यादीत धरू ना, टीचर?" त्याने विचारलं. मी म्हणालो, माझं थांबव, मी अजून ठरवलेलं नाही. म्हणजे मी ठरवलं नव्हतं, आणि टायवो पुढे गेला होता.

आमचं आयुष्यभर असंच चाललं. जुळ्यांत जो आधी जन्मतो तो टायवो, आणि आमच्याकडे तो धाकटा. मागून येतो तो केहिंदे, तो थोरला. कारण पोटात असताना थोरला धाकट्याला सांगतो, जा, जग कसं आहे बघून ये, आणि धाकटा बाहेर येऊन रडला की मग थोरला सावकाश निघतो. ही गोष्ट इयाने, आमच्या आईने, हजार वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी टायवो विचारायचा, "मी रडलो ते ऐकून हा तरीही कसा आला?" सगळे हसायचे. नदीवर आधी तो उडी मारायचा आणि ओरडायचा, ये रे, पाणी कोमट आहे. ते कधीही कोमट नसायचं. आमच्यात एकच सायकल होती, आंब्याच्या झाडापर्यंत एकाने जायचं आणि परत येऊन दुसऱ्याला द्यायची, आणि पहिली पाळी नेहमी त्याची, कारण ब्रेक लागतात की नाही हे मला त्याच्याकडून कळायला हवं असायचं. पक्षातही तोच आधी गेला. सहा महिन्यांनी येऊन म्हणाला, "ये. माणसं चोर आहेत, पण गप्पांना मजा येते." मग मी गेलो, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे आली.

सेनेटरसाहेबांच्या घराच्या भिंतीवर रंगारी काम करत होते. दिव्याच्या चित्रावर पांढरा हात फिरवून वर कुदळ काढायची होती, पण दिव्याची पिवळी ज्योत पांढऱ्यातून वर येत होती. तिसरा हात मारला तरी येत होती. आत ओसरीवर टेबल टाकून कुदळ पक्षाची बाई बसली होती, इबिएरे नावाची, पंचेचाळिशीची, खालच्या खाडीमुलखातून खास याद्यांच्या कामासाठी पाठवलेली. तिने लॅपटॉपमधून डोकं वर न काढता माझं ऐकून घेतलं.

"मेडुपिन टायवो. हो, आहे की. एकावन्न वर्षं. पत्र्यांचा व्यापार. 'नामवंत' मी घातलं, रेडिओला बरं वाटतं. क्रूसवाले सगळे मी गाळले हो टीचर, मेलेल्यांना पक्षात घेणाऱ्यांतली मी नाही. आणि हे प्रवासाला गेलेत म्हणून ठेवले. मतदानाला येतात लोक गावी."

"हे प्रवासाला आहेत ते वेगळं."

"म्हणजे? आमच्याकडे तरी प्रवासाला गेलेला माणूस परत येतो." तिने आता वर पाहिलं. "कुठे असतात? फोन नंबर द्या, मी बोलते."

"लांब."

"दुबई?"

तिचा दोष नव्हता. तिच्या गावी शब्दांचे अर्थ सरळ असतील. "नाव काढायचं तर काढते," ती म्हणाली, "पण कारण टाकल्याशिवाय हे मशीन काढू देत नाही. तीनच कारणं आहेत. मृत, दुसऱ्या वॉर्डात गेले, किंवा नकार. कुठलं टाकू?" तिची बोटं वाट बघत होती. पहिला शब्द तिने किती सहज म्हटला होता. दुसऱ्या वॉर्डात गेला, असं म्हणावंसं वाटलं, ते काही खोटं झालं नसतं. नकार म्हणावं तर नकार द्यायला तो आजवर कधी थांबलाच नव्हता, हाक मारली की निघायचा. "विचार करून सांगतो," मी म्हणालो. "चार वाजता मैदानावर नावं वाचायचीत," ती म्हणाली, "त्याच्या आत करा विचार."

ओबासाजू आतून हात पुसत आले. पाम तेलाचा वास आला त्यांच्याबरोबर. मी सवयीने खाली वाकलो, त्यांनी अर्ध्यातच धरलं. "काय टीचर, आतासुद्धा टोपी? सर्दी झालीय का?" मग मला बाजूच्या बाकावर बसवून ते हळू बोलू लागले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांचं म्हणणं ऐकताना मला कधीच राग येत नाही, हीच माझी अडचण आहे. म्हणाले, "तू जाणतोस. अकरा वर्षांपूर्वी अबुजाच्या बैठकीत दिव्याने शब्द दिला की पुढच्या पाळीला देशाची वरची खुर्ची, राष्ट्राध्यक्षाची, दक्षिणेला आणि त्याखालची आपल्या मधल्या पट्ट्याला. आली पाळी, आणि ऐन वेळी वरची खुर्ची ते पुन्हा उत्तरेलाच ठेवतायत. मग आपल्याला काय, सतरंजी? कुदळवाले म्हणतात, वरची दक्षिणेला, खालची ओबासाजूला. आपल्या पट्ट्यातला माणूस तिथे बसलेला तुझ्या आईने तरी पाहिलाय का? आणि टायवो. टायवो त्याच बैठकीला निघाला होता रे. त्याची पाळी आलीय. दिव्यातून आली काय, कुदळीतून आली काय."

"त्याचं नाव यादीत आहे, चीफ."

"मला सकाळी कळलं. खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. असता तर आलाच असता." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काढायचं तर काढ. तिला कारण सांग आणि काढ. पण तुझं नाव आज हवंय मला. वॉर्डाची वही ज्याच्याकडे, त्याच्यामागे वॉर्ड येतो. नगर परिषदेवर तुला बसवीन म्हणतोय, ते काही उगाच नाही."

असता तर आलाच असता. हे वाक्य घेऊन मी नदीच्या बाजूने घरी निघालो. आमच्या गावापाशी दोन नद्या मिळतात, एक गढूळ आणि एक निळसर, आणि मिळूनही बराच वेळ त्या शेजारी शेजारी वाहतात, मधली रेघ दिसते. वर्गात मी ते चित्र काढायचो, दोन रंगांचे खडू लागायचे. आज काहीच दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज धुळीच्या पलीकडून, आणि त्यात ती सकाळ. अबुजाच्या बैठकीचं बोलावणं मला होतं. वॉर्डाचा चिटणीस मी. पण त्या दिवशी अंगात कसकस होती, खरं तर तीही फारशी नव्हती, तिथे भांडणं होणार आणि आपल्याला हात वर करायला लावणार, याचा कंटाळा होता. टायवो दारात गाडीची किल्ली फिरवत उभा. मी चादरीतून म्हणालो, "तू पुढे हो. काय रंग आहे बघ. बरं वाटलं तर मी मागून येतो." तो हसला. म्हणाला, "आणि मी रडलो तर?" मी म्हणालो, तर मुळीच येणार नाही. कोटन-कार्फीच्या पुढे टँकर आडवा झाला होता. बैठक झाली, शब्द दिला गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो रस्त्याच्या कडेला होता आणि त्याच्या अंगावर कुणीतरी भाजीचं पोतं टाकलं होतं. मी पोचलो तेव्हा पोत्यावर कांद्याच्या साली होत्या. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून मला कांदा चिरलेला सोसत नाही आणि बायकोला वाटतं की डोळे नाजूक झालेत.

त्या दिवशी घरी येऊन मी इयाला सांगितलं. म्हणजे ठरल्याप्रमाणे सांगितलं: टायवो प्रवासाला गेला. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही. एवढंच विचारलं, "जेवून गेला का?" मी हो म्हणालो. आमच्यात आईबापांनी लेकराच्या मातीला जायचं नसतं, त्यामुळे ती गेली नाही, आणि कुठे माती दिली तेही तिने कधी विचारलं नाही. पण दर शुक्रवारी जुळ्यांसाठी चवळी शिजते ती शिजत राहिली. दोन ताटं वाढली जात राहिली, एक माझ्यापुढे, एक शेजारी. शेजारचं ताट संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना जायचं. कापड घ्यायचं तर दोन अंगांचं घ्यायची. आता ती पंच्याऐंशीची, कधी कधी मला बापाच्या नावाने हाक मारते, आणि मला कळेनासं झालंय की ती अजून रीत पाळतेय की तिला खरंच तसं वाटतं. विचारायचं कसं? विचारायलाही तोच शब्द लागतो.

आज शुक्रवार नव्हता, तरी अंगणात शिरल्या शिरल्या चवळीचा वास आला. इया न्हाऊन, निळं वस्त्र नेसून, डोक्याला ताठ फडकं बांधून खुर्चीत बसली होती. मांडीवर दोन पुडांचा डबा, त्यावर घडी केलेला सदरा. रेडिओ तिच्या पायाशी होता. बायको इलोरिनला मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, मी सकाळी न्हाव्याकडे, त्यामुळे बातमी तिने एकटीनेच ऐकली होती.

"किती वाजता आहे रे ते मैदानावर?" तिने विचारलं.

"इया, अगं ते—"

"टायवो येतोय ना. बाई दोनदा म्हणाली. एकदा इंग्रजीत, एकदा आपल्यात." तिने सदऱ्यावर हात फिरवला. "हा घेतलाय. धुळीतून येणार, आल्या आल्या बदलायला हवा. तू काय असा उभा? टोपी काढ घरात."

"थंडी वाजतेय."

"थंडी!" ती म्हणाली. "हा म्हणे मास्तर." आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे पांढुरके झालेत, त्यांतून ती काय बघते ते बाहेरून समजत नाही. मला वाटलं, आत्ताच सांगावं. खाली बसावं, तिच्या मांडीवर हात ठेवावा आणि सांगावं. मी बसलोसुद्धा. तिने माझ्या हातात डबा दिला. "धर. सांडू नकोस, तेल आहे." मी डबा धरला. गरम होता. अकरा वर्षं जे मी पेललं होतं ते एवढंच, असं मला वाटलं, आणि तेही मला नीट पेलता आलं नव्हतं.

केके रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. धुळीतून फलक येत होते आणि जात होते, ओबासाजूंचा हसरा चेहरा, खाली कुदळ, पुन्हा तोच चेहरा, खाली अजून दिवा. रिक्षावाला विचारत होता, "कुठल्या बाजूचे, बाबा? कुदळ?" इया म्हणाली, "आम्ही माणसाला आणायला चाललोय." तो म्हणाला, "मग बरंय." मला डुलकी लागली असावी, कारण मध्येच मी सायकलच्या मागे बसलो होतो आणि पुढे टायवोची पाठ होती, सदऱ्यावर घामाचा नकाशा, आणि मी म्हणत होतो, हळू चालव, आणि तो म्हणत होता, पाळी माझी आहे ना? मग झालं तर.

मैदानावर ढोल चालू होते. सगळ्यांच्या डोक्यांना कुदळीच्या छापाची फडकी, आणि गर्दीत निम्मे लोक माझे विद्यार्थी, वाकून नमस्कार करणारे. "जुळ्यांची आई आली, वाट द्या!" करत त्यांनी इयाला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. इबिएरे व्यासपीठाच्या पायरीशी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने भुवया उंचावून विचारलं, कारण? मी मान हलवली. ती काय समजली कोण जाणे. नावं सुरू झाली. नाव पुकारलं की माणूस वर जायचा, जुनं कार्ड टोपलीत टाकायचा, ओबासाजू त्याच्या हातात छोटी लाकडी कुदळ द्यायचे, ढोल वाजायचा. निवृत्त पोलीस गेला. चर्चचा वडीलधारा गेला. मी डबा धरून उभा होतो आणि नाव यायच्या आधीच मला ते ऐकू येत होतं.

"टायवो मेडुपिन!"

कुणी उठलं नाही. आमच्या वॉर्डाच्या रांगा गप्प झाल्या. त्यांना माहीत होतं, आणि म्हणायचं कुणालाच नव्हतं. पुकारणारा बाहेरगावचा होता, त्याने गंमत केली, "टायवो मेडुपिन! कागद म्हणतोय प्रवासाला गेलेत. आले की नाही अजून?" मागच्या बाजूला लोक हसले. इयाने वळून माझ्याकडे पाहिलं. "हाका मारतायत," ती म्हणाली. "कोण जातंय?"

मी गेलो. डबा खुर्चीवर ठेवला आणि पायऱ्या चढलो. चढताना मी काहीही ठरवलं नव्हतं. पुकारणाऱ्याने मला पाहून हात पसरले, "आले, आले, टायवो आले!" आणि ढोल सुरू झाला. अर्धं मैदान टाळ्या वाजवू लागलं. ज्यांना आमचे चेहरे ठाऊक होते ते तसेच बसून होते. ओबासाजूंनी कुदळ पुढे केली. त्यांचे डोळे म्हणत होते, अरे, हे काय, आणि तोंड माझ्या कानाशी येऊन म्हणालं, "घे. घे रे. आईला बरं वाटेल. कुणाचं काय जातंय?" खरंच, कुणाचं काय जात होतं? खाली इया उभी राहिली होती, दोन्ही हातांत तो सदरा. माझा हात कुदळीकडे गेलादेखील. लाकूड नवं होतं, गुळगुळीत. आणि मला टायवोचा आवाज ऐकू आला, कोमट आहे रे, ये. जन्मभर तो माझ्यासाठी थंड पाण्यात उतरून मला कोमट आहे म्हणून सांगत होता. आणि मी अजूनही त्यालाच उतरवत होतो.

मी माईक ओढून घेतला. "टायवो मेला," मी म्हणालो. माझा आवाज धुळीत कुठेतरी जाऊन परत आला. "अकरा वर्षं झाली. कोटन-कार्फीच्या रस्त्यावर. मी त्याला पाठवलं होतं." आणि हे बोलताना मी टोपी काढली, मेलेल्या माणसाचं नाव घेताना काढतात तशी, अगदी सहज.

आधी एक बाई हसली. मग पोरं. मग सगळं मैदान. त्यांचं काही चुकलं नाही, डावीकडून गुळगुळीत आणि उजवीकडून पिंजारलेलं असं डोकं घेऊन एक म्हातारा मरणाची बातमी सांगत होता. माझे विद्यार्थी तोंडावर हात धरून हसत होते आणि रडतही होते. मीही हसलो असेन. एवढ्या वर्षांनी तो शब्द बाहेर पडला आणि कुणीही मला बोलावून नेलं नाही. मी तिथेच उभा होतो, उघड्या बाजूला वारा लागत होता. पायरीशी इबिएरे चटकन खाली वाकली आणि तिने एक बटण दाबलं. मग वर बघून दोन्ही हात छातीवर ठेवले.

ओबासाजू सावरले. त्यांच्यासारखा माणूस सावरतोच. माईकवर म्हणाले, "आपल्या भावाचं स्वप्न पुरं करायला आज केहिंदे मेडुपिन स्वतः आलेत!" ढोलवाल्याने काठ्या उचलल्या. इया आता पायरीपर्यंत आली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि घरात बोलते त्याच आवाजात बोलली. "आता तुझ्याकडे पुढे पाठवायला कुणी नाही. जायचं तर तू जा. नाहीतर खाली ये, चवळी निवतेय."

मी विचार करून पाहिला. मला जायचं नव्हतं. पाळीचं म्हणणं खरं होतं, ओबासाजूंचं म्हणणंही खोटं नव्हतं, दिव्याने आम्हाला फसवलं होतं हेही खरं, आणि तरी मला जायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती. ती मला कधी कळली नव्हती, कारण मला काय हवं ते नेहमी टायवो जाऊन बघून यायचा. "मी येत नाही, चीफ," मी म्हणालो. त्यांनी माईकवर हात ठेवला. "परिषद विसर मग." "हो," मी म्हणालो. "वहीसुद्धा," ते म्हणाले. "दिवेवालेही तुला ठेवणार नाहीत, इथवर आलास म्हणून." ते बरोबर होतं. मी खाली उतरलो. उतरताना गुडघा दुखला, आणि तो माझाच होता.

ओनिमिसी दुकान बंद करायच्या बेतात होता. मला पाहून त्याने खुर्ची झटकली आणि इयाला बाकावर बसवलं. संध्याकाळचा उजेड धुळीतून येऊन आरशावर पिवळा पसरला होता. मशीन उजव्या बाजूला फिरू लागलं. इयाने डबा उघडला, दोन्ही पुडांतली चवळी एकात ओतली आणि चमचा माझ्या हातात दिला. "खा. थंड झाली."

"इया," मी आरशातल्या तिला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"माझं पोरगं. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

तिने सदऱ्याची घडी पुन्हा घातली. "तू प्रवासाला म्हणालास. मला वाटलं तुला वेळ हवाय."

ओनिमिसी माझी मान हलकेच पुढे वाकवत म्हणाला, "हलू नका, टीचर." माझे खांदे हलत होते ते त्याने पाहिलं आणि मशीन बाजूला धरून थांबला. मग मी खाल्लं. पुष्कळ होती, दोघांची, सगळी संपवली. सहाची बातमी लागली तेव्हा तो पुन्हा कानामागे आला होता. सकाळचीच बाई, सकाळचीच यादी, कुणी बदललेली नव्हती. पत्र्यांचे नामवंत व्यापारी टायवो मेडुपिन यांनी आज दिव्याची साथ सोडून. ओनिमिसीने घाईने हात रेडिओच्या बटणाकडे नेला.

"असू दे," इया म्हणाली. "त्यांना अजून कळलं नसेल."